जुनी टोपोशीट कशी वाचावी: खानापूर-जांबोटीच्या डोंगरपट्ट्यासाठी सविस्तर मार्गदर्शन

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातील आमच्या जुन्या घराच्या माळ्यावर एक पत्र्याची ट्रंक होती आणि तिच्या तळाशी, जमिनीच्या कागदांखाली, कापडावर चिकटवलेला एक नकाशा घडी घालून ठेवलेला होता. आजोबा जांबोटीच्या पट्ट्यात लाकूडतोडीच्या कामावर मुकादम होते. भीमगडाच्या डोंगरात एका ओढ्याच्या उगमाशी त्यांनी पेन्सिलीने बारीक फुली मारलेली आहे आणि तिच्याशेजारी मोडीत एकच शब्द लिहिला आहे, 'पाणी'. सर्व्हे ऑफ इंडियाचे हे एक इंची पत्रक, म्हणजे एक इंचास एक मैल प्रमाणावर चढउतार, पाणी आणि वस्ती दाखवणारी टोपोशीट, मी गेली अनेक वर्षे वाचतो आहे. ते वाचताना ज्या क्रमाने जावे असे मला आता वाटते तो क्रम येथे नीट मांडतो, म्हणजे अशी टोपोशीट ज्यांच्या हाती येईल त्यांना चाचपडावे लागणार नाही.

बहुतेक जण नकाशा उघडला की आधी आपले गाव शोधतात आणि लगेच सीमारेषेवर बोट ठेवतात. सीमाभागात वाढलेल्या माणसाचे बोट तेथे जाणे स्वाभाविक आहे. तरीही माझा आग्रह असा की आधी पत्रकाच्या कडा वाचाव्यात, मग पाणी, मग चढउतार, मग नावे, आणि सीमा सर्वांत शेवटी. हा क्रम पाळला तर नकाशा जे सांगतो तेच आपण ऐकतो. उलट क्रमाने गेलो तर जे आधीपासून मनात आहे तेच त्यात सापडत राहते.

घडी उघडताना

जुना नकाशा पावसाळ्यात उघडू नये. जांबोटी-कणकुंबीकडच्या पावसात घराच्या भिंतीसुद्धा घाम धरतात, आणि त्या दमटपणात उघडलेला कागद पुन्हा घडी घालताना शिवणीवर तुटतो. डिसेंबर-जानेवारीतील कोरडा दिवस निवडावा, मोठ्या टेबलावर स्वच्छ सुती चादर अंथरावी, आणि घडी एकाच बैठकीत जोर लावून सपाट न करता दोन-तीन दिवस तशीच अर्धवट उघडी ठेवून वर गुळगुळीत लाकडी फळ्यांचे हलके वजन ठेवावे. धूळ मऊ, कोरड्या ब्रशने मधून कडेकडे झटकावी. ओले फडके अजिबात वापरू नये, कारण काही जुन्या पत्रकांवरील रंग पाण्याने फुटतात.

सेलोटेप लावू नये, हे मी अनुभवाने सांगतो. पहिल्याच वर्षी मी एका फाटलेल्या घडीवर ती लावली. तीन पावसाळ्यांत पट्टी सुटून पडली, पण तिचा गोंद कागदात मुरला आणि जंगलाच्या हिरव्या रंगावर बोटभर रुंदीचा पिवळट, तेलकट पट्टा कायमचा उरला. त्या पट्ट्याखालची दोन नावे आज भिंगाखाली धरूनही लागत नाहीत. फाटलेला भाग जोडायचाच असेल तर मागच्या बाजूने, गव्हाच्या सत्त्वाची पातळ खळ आणि पातळ जपानी कागद वापरून जोडावा, किंवा कागदसंवर्धनाचे काम जाणणाऱ्या माणसाकडे द्यावा. दुकानात नेऊन लॅमिनेशन करून घेण्याचा मोहही टाळावा, कारण त्या उष्णतेने चिकटलेले प्लॅस्टिक नंतर काढता येत नाही.

कापडी अस्तराच्या नकाशाबाबत एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. असा नकाशा कापडावर चिकटवण्यापूर्वी तो आयताकृती तुकड्यांत कापलेला असतो आणि घडी नीट बसावी म्हणून दोन तुकड्यांमध्ये बारीक फट सोडलेली असते. त्या फटीत फक्त कापड दिसते, जमीन नाही. पत्रकावर लांबचे अंतर मोजताना मध्ये जितक्या फटी येतील तितकी त्यांची रुंदी वजा करावी, नाहीतर दोन गावांमधले अंतर उगाच वाढते.

पत्रकाचा क्रमांक

वरच्या उजव्या कोपऱ्यात अंक, अक्षर आणि पुन्हा अंक अशी जोडी असते, उदाहरणार्थ ४८ आय/६. ही पद्धत एकदा समजली की शेजारचे कोणते पत्रक हवे हे आपल्याला स्वतःच काढता येते. भारत आणि लगतचा प्रदेश चार अंश लांब व चार अंश रुंद अशा चौकोनांत विभागलेला आहे. त्यांपैकी ४८ क्रमांकाच्या चौकोनात १२ ते १६ उत्तर अक्षांश आणि ७२ ते ७६ पूर्व रेखांश येतात. या चौकोनाचे एकेक अंशाचे सोळा भाग पाडून त्यांना इंग्रजी ए ते पी ही अक्षरे दिलेली आहेत, आणि ती अक्षरे डावीकडच्या रकान्यात वरून खाली उतरून मग पुढच्या रकान्याच्या माथ्यावर जातात. त्यामुळे १५ ते १६ अक्षांश आणि ७४ ते ७५ रेखांश हा भाग 'आय' ठरतो. 'आय'चे पुन्हा पंधरा-पंधरा मिनिटांचे सोळा तुकडे होतात आणि त्यांचे १ ते १६ अंकही त्याच रीतीने वरून खाली चालतात.

या हिशेबाने चंदगड ४८ आय/१ मध्ये येते, कणकुंबी आणि चोर्ला आय/२ मध्ये, जांबोटी व भीमगड आय/६ मध्ये, कॅसल रॉक आय/७ मध्ये, तर खानापूर आणि हलशी आय/१० मध्ये. बेळगाव शहराची गोष्ट थोडी वेगळी आहे. साडेचौऱ्याहत्तर अंशांची रेखावृत्तरेषा शहरातूनच जाते, म्हणून हिंडलग्याकडची बाजू आय/५ वर आणि किल्ला आय/९ वर पडतो; शहराचा नकाशा म्हणून एकच पत्रक मागितले तर अर्धे शहर हाती येते. तसेच सोळा अक्षांशाच्या उत्तरेला असलेली निपाणी आणि संकेश्वर ही गावे ४८ मध्ये शोधूच नयेत. ती ४७ एल मध्ये, म्हणजे कोल्हापूरच्याच चौकोनात सापडतात.

२००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणानंतर निघालेल्या ओपन सिरीज पत्रकांना वेगळे क्रमांक आहेत आणि आपला भाग त्यांत डी ४३ ने सुरू होतो. जुने आणि नवे पत्रक शेजारी ठेवायचे असेल तर क्रमांकावर विसंबू नये, चारही कोपऱ्यांवरचे अक्षांश-रेखांश जुळवून पाहावेत. घरात जुने पत्रक नसेल त्यांच्यासाठी टेक्सास विद्यापीठाच्या पेरी-कास्टान्येडा ग्रंथालयाने अमेरिकी लष्कराच्या नकाशा विभागाची १:२,५०,००० प्रमाणावरील भारताची जुनी पत्रके इंटरनेटवर मोफत ठेवलेली आहेत. त्यांत वाडी-वस्तीचा तपशील कमी असला तरी डोंगररांगा आणि नद्या ओळखायला ती पुरेशी आहेत.

कडेचा मजकूर

नकाशाचे वय त्याच्या कडांवर लिहिलेले असते, आणि ते एकच नसते. सर्वेक्षण कोणत्या हंगामात झाले ते एक वर्ष, पत्रक छापले ते दुसरे, आणि पुनर्मुद्रण करताना रस्ते वा सीमा सुधारल्या असतील तर ते तिसरे. छपाईचे वर्ष पाहून 'या साली येथे गाव होते' असे म्हणणे ही सर्वांत सामान्य चूक आहे. गाव त्याआधी वीस वर्षांपूर्वी पाहिलेले असू शकते. म्हणून ही सगळी वर्षे वहीत वेगवेगळी लिहून घ्यावीत.

कडेचा कोपरा फाटून वर्ष गेले असेल तर नकाशातल्याच खुणा मदतीला येतात. किंमत आण्यांत असेल तर छपाई १ एप्रिल १९५७ पूर्वीची, कारण त्या दिवशी दशमान नाणी आली. उंची फुटांत आणि प्रमाण एक इंचास एक मैल असेल तर पत्रक मेट्रिक पद्धतीपूर्वीच्या मालेतले. नंतरची पत्रके १:५०,००० प्रमाणावर आणि मीटरमध्ये आहेत. कडेच्या मजकुरात 'मुंबई इलाखा' आहे की 'मुंबई राज्य', कोल्हापूर हे संस्थान म्हणून दाखवले आहे की जिल्हा म्हणून, पश्चिमेला गोव्याच्या जागी पोर्तुगीज हद्द आहे का, हे पाहावे. कोल्हापूर संस्थान १९४९ मध्ये विलीन झाले, १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला, गोवा १९ डिसेंबर १९६१ ला मुक्त झाला आणि म्हैसूरचे नाव १९७३ मध्ये कर्नाटक झाले. पूर्वेकडच्या पत्रकांवर संपगाव आणि परसगड ही तालुक्यांची नावे दिसली तर गोंधळू नये. आजचे बैलहोंगल आणि सौंदत्ती ते हेच. सौंदत्तीजवळ मलप्रभेवर नविलुतीर्थाचा जलाशय नसेल, किंवा घटप्रभेवर हिडकलचे पाणी नसेल, तर ते सर्वेक्षण त्या धरणांआधीचे आहे.

फार जुन्या पत्रकांच्या तळाशी रेखांशाविषयी एक बारीक टीप असते: रेखांश मद्रास वेधशाळेच्या जुन्या मूल्यावर आधारलेले आहेत आणि त्यांतून इतकी मिनिटे-सेकंद वजा करावीत. ही टीप वाचल्याशिवाय पुढे जाऊ नये. आपल्या अक्षांशावर रेखांशाचे एक मिनिट म्हणजे सुमारे १.८ किलोमीटर, त्यामुळे दोन-अडीच मिनिटांची दुरुस्ती राहून गेली तर संपूर्ण डोंगर चार-साडेचार किलोमीटर सरकतो.

अंतर मोजणे

एक इंचास एक मैल म्हणजे १:६३,३६०. नकाशावरचा एक सेंटिमीटर जमिनीवर सुमारे ६३४ मीटर होतो. आपल्या अक्षांशावर असे पत्रक अंदाजे ४४ सेंटिमीटर उंच आणि ४२ सेंटिमीटर रुंद असते व त्यात सुमारे २७ किलोमीटर लांबी-रुंदीचा मुलूख मावतो. वाकड्या वाटेचे अंतर मोजण्यासाठी ओला करून पिळलेला सुती दोरा उत्तम (नकाशाच्या प्रतीवर, मूळ पत्रकावर नाही): तो वळणावळणाने ठेवावा, टोकांना गाठ मारावी आणि खालच्या प्रमाणपट्टीवर सरळ करून पाहावा. घाटवाटेसाठी आलेल्या अंतरात पाचवा हिस्सा तरी जास्त धरावा असा माझा अनुभव आहे, कारण बारीक नागमोडी वळणे या प्रमाणावर काढताच येत नाहीत.

आता पाणी

येथे घाई करू नये. पत्रकाची स्कॅन प्रत छापून घ्यावी, तिच्यावर ट्रेसिंग पेपर ठेवावा, आणि निळ्या पेन्सिलीने मोठ्या नदीपासून सुरुवात करून उलट, वर, उगमांकडे जावे. प्रत्येक फाटा शेवटपर्यंत न्यावा आणि जेथे रेषा संपते तेथे एक ठिपका द्यावा. मग लाल पेन्सिल घ्यावी आणि दोन वेगवेगळ्या नद्यांच्या ठिपक्यांमधून अशी रेषा काढावी की ती कोठेही निळी रेषा ओलांडणार नाही. ही झाली जलविभाजक रेषा. ओलांडली गेली तर एखादा ओढा चुकीच्या नदीला जोडला गेला आहे असे समजावे आणि मागे जाऊन पाहावे.

हा उद्योग कणकुंबी आणि जांबोटीच्या पत्रकांवर करताना जे समोर येते ते मला आजही थक्क करते. सह्याद्रीचा कडा म्हणजेच पाण्याची वाटणी, पश्चिमेला पडले ते समुद्राला आणि पूर्वेला पडले ते कृष्णेला, असे आपण शाळेत शिकलेलो असतो. येथे ते तसे सरळ नाही. सुमारे २,६०० फुटांवर कणकुंबीला माउलीच्या देवळाशी उगम पावणारी मलप्रभा पूर्वेला वळते आणि कूडलसंगमाला कृष्णेला मिळते. तिच्या दक्षिणेला, त्याच तालुक्यात, देगावच्या परिसरात म्हादई उगवते. ती कड्याच्या आतल्या बाजूच्या डोंगरांतून वाट काढत पश्चिमेला उतरते आणि गोव्यात मांडवी होऊन पणजीपाशी अरबी समुद्राला मिळते. म्हणजे म्हादईच्या वरच्या ओढ्यांपाशी पाण्याची वाटणी करणारी रेषा कड्यावरून जात नाही, ती कड्याच्या बरीच आत, पठारावरच्या साध्या दिसणाऱ्या टेकाडांवरून फिरते. लाल पेन्सिलीची ती रेषा कधी एखाद्या शेतवडीच्या बांधाशी तर कधी रस्त्याच्या अगदी कडेला येते, आणि अशा ठिकाणी दोन ओढ्यांच्या उगमांत नकाशावर अर्धा इंचसुद्धा अंतर नसते.

म्हादईचे पाणी मलप्रभेकडे वळवण्याच्या कर्नाटक-गोवा वादामुळे कळसा आणि भांडुरा हे नाले वर्तमानपत्रांतून सगळ्यांना ठाऊक झाले; म्हादई जलतंटा लवादाचा निवाडाही २०१८ मध्ये आला. पण ते नाले कोणत्या डोंगराआड आहेत आणि त्यांचे पाणी मुळात कोणत्या अंगाला वळते हे आपल्या भागातील फार थोड्या लोकांनी नकाशावर बोटाने पाहिले आहे, आणि याची मला मनापासून खंत वाटते. दोन्ही बाजूंनी बोलणाऱ्या प्रत्येकाने एकदा तरी ही लाल रेषा स्वतःच्या हाताने काढून पाहावी.

रंगाकडेही लक्ष द्यावे. सर्व्हे ऑफ इंडियाच्या रंगीत पत्रकांवर पाणी टिकून असलेले प्रवाह निळे आणि कोरडे पडणारे काळे दाखवतात. सर्वेक्षकांचे मैदानी काम पावसाळा संपल्यावर चालत असे, तेव्हा त्यांनी निळा काढलेला ओढा उन्हाळ्याच्या तोंडालाही वाहत होता असे मानायला आधार आहे. असाच एखादा ओढा आज फेब्रुवारीत कोरडा दिसला तर ती नोंद मोलाची आहे. तारीख घालून लिहून ठेवावी.

समोच्च रेषा आणि चढ

तपकिरी रेषा म्हणजे समान उंचीची ठिकाणे जोडणारी समोच्च रेषा. एक इंची पत्रकांवर दोन रेषांमधले उंचीचे अंतर साधारणपणे ५० फूट असते आणि दर पाचवी रेषा जाड असते. १:५०,००० पत्रकांवर ते २० मीटर असते. पत्रकाच्या तळाशी ते लिहिलेले असते, तेथून खात्री करून घ्यावी. फुटांचे मीटर करण्यासाठी ०.३०४८ ने गुणावे.

ओढ्यावर समोच्च रेषा वाकून टोक करते आणि ते टोक उगमाकडे असते. डोंगराच्या सोंडेवर हेच टोक उताराकडे असते. एवढे एक सूत्र पक्के झाले की निळी रेषा नसतानाही खोरे कोणते आणि सोंड कोणती हे कळते. चढाचा अंदाज घेण्यासाठी वाटेवर अर्धा इंच मोजावा आणि त्यात किती रेषा येतात ते पाहावे. वीस अंतरे आली तर अर्ध्या मैलात हजार फूट चढायचे आहे, म्हणजे सुमारे ८०० मीटरमध्ये ३०५ मीटर, आणि हा सुमारे २१ अंशांचा चढ पाठीवर पिशवी घेऊन जाणाऱ्याचा दम काढतो. चोर्ल्याच्या पश्चिमेला रेषा इतक्या दाटतात की त्या एकमेकींत मिसळून तपकिरी पट्टा दिसतो. खानापूरच्या पूर्वेला त्याच रेषा सैल होऊन एकेक बोट लांब जातात. त्रिकोणाची खूण म्हणजे त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचे ठाणे, नुसता ठिपका आणि आकडा म्हणजे त्या जागेची उंची. आकड्यापुढे 'आर' हे अक्षर असेल तर ती समुद्रसपाटीपासूनची उंची नसून बांध किंवा विहीर आसपासच्या जमिनीपासून किती उंच वा खोल आहे ते मोजमाप आहे.

बाकीच्या खुणांसाठी तळातली सूची पुरेशी आहे. पिवळा रंग लागवडीखालची जमीन, हिरवा झाडी, लाल रस्ते व वस्ती. आर.एफ. म्हणजे राखीव जंगल, डी.बी. म्हणजे डाक बंगला, पी.ओ. म्हणजे टपाल कचेरी. लोंढ्याहून कॅसल रॉककडे जाणारा लोहमार्ग जुन्या पत्रकांवर मीटर गेजच्या खुणेने दिसेल. तो १९९० च्या दशकात ब्रॉड गेज झाला.

नावे

जुन्या पत्रकावरील नावे रोमन लिपीत असतात आणि ती बहुधा वाटाड्याच्या तोंडून ऐकून टिपलेली असतात. त्यामुळे त्यांच्याकडे स्पेलिंग म्हणून न पाहता कानाने टिपलेला उच्चार म्हणून पाहावे आणि मोठ्याने वाचावे; डोळ्यांना अनोळखी वाटणारे नाव कानाला पुष्कळदा लगेच ओळखू येते. ट, ठ, त, थ यांतला भेद आणि ळ हे अक्षर रोमन लिपीत हरवते, ते आपल्याला परत घालावे लागते. नागरगाळी आणि गवाळी या नावांत ते जागेवर आहे हे आपल्याला माहीत असते म्हणून सोपे जाते. अनोळखी वाडीच्या बाबतीत त्या गावच्या माणसाकडून ऐकल्याशिवाय नाव देवनागरीत पक्के करू नये.

आपल्या भागाच्या नकाशात आणखी एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. पश्चिमेच्या डोंगरात प्रवाहाच्या नावापुढे नाला किंवा नदी येते, आणि पूर्वेला सरकू लागलो की हळूहळू हळ्ळ हा कन्नड शब्द दिसू लागतो; टेकडीसाठी गुड्ड येतो, गावांच्या शेवटी वाडी आणि गाळी यांच्याऐवजी कोप्प आणि हट्टी. ही सरमिसळ एका रेषेवर होत नाही. एकाच ओढ्याला वरच्या गावात एक नाव आणि खालच्या गावात दुसऱ्या भाषेतले नाव असू शकते, आणि सर्वेक्षकाला ज्या गावात वाटाड्या मिळाला त्या गावचे नाव छापले गेले असते. म्हणून वहीत तीन रकाने करावेत: नकाशावरचे रोमन नाव जसेच्या तसे, आज गावात बोलले जाणारे नाव, आणि सांगणाऱ्याचे गाव. कन्नड बोलणाऱ्या गावकऱ्यांकडूनही तितक्याच आदराने नाव विचारून त्यांच्या उच्चाराप्रमाणे लिहावे. नकाशावर एखाद्या वाडीपुढे ओसाड असल्याचा शेरा असेल, तर आसपासच्या गावांत त्या वाडीहून आलेली घराणी आहेत का हे विचारावे. आडनावे आणि देवस्थाने पुष्कळ सांगतात.

आणि मग सीमा

तालुक्याची, संस्थानाची, राज्याची सीमा टोपोशीटवर तुटक रेषांनी आणि ठिपक्यांनी दाखवलेली असते. चंदगड तालुका १९५६ पर्यंत बेळगाव जिल्ह्यात होता आणि राज्य पुनर्रचनेत तो कोल्हापूरकडे गेला. त्यामुळे त्याआधीच्या पत्रकावर तो बेळगावातच दिसेल, आणि ते पाहून अनेकांच्या मनात काय येते हे मला ठाऊक आहे, कारण माझ्याही मनात ते येते. पण रेषा त्या काळच्या कारभाराची नोंद आहे, आणि नकाशा जेवढे सांगतो तेवढेच त्याच्याकडून घ्यावे. जमिनीच्या मालकीसाठी किंवा बांधाच्या तंट्यासाठी टोपोशीट दाखवू नये. या प्रमाणावर पेन्सिलीच्या टोकाएवढी रेषाच वीस-तीस मीटर जागा व्यापते. त्यासाठी महसूल खात्याचा गावनकाशा आणि उतारा हीच कागदपत्रे उपयोगी.

स्कॅन आणि संगणकावर बसवणे

मूळ पत्रकाची ने-आण वाचावी म्हणून एक चांगली स्कॅन प्रत करून ठेवावी. मोठा सपाट स्कॅनर मिळाला तर ४०० डीपीआयवर, म्हणजे इंचाला ४०० ठिपके या घनतेवर करावे. एक इंची पत्रकाच्या बाबतीत त्या प्रतीतला एक ठिपका जमिनीवर सुमारे चार मीटर होतो आणि बारीक अक्षरेही सुटी दिसतात. कागद ओढून नेणाऱ्या रोलर स्कॅनरमध्ये कापडी अस्तराचा नकाशा घालू नये. तुकड्यांमधल्या फटींमुळे अशा नकाशाचा प्रत्येक तुकडा वेगळा बसवणे जास्त अचूक ठरते.

क्यूजीआयएस हे मोफत सॉफ्टवेअर उघडून त्यातील जिओरेफरन्सर या, स्कॅनला अक्षांश-रेखांश जोडणाऱ्या साधनात स्कॅन घ्यावा. एक इंची पत्रकावर दर पाच मिनिटांच्या अक्षांश-रेखांशाच्या रेषा असतात, त्यामुळे कोपरे धरून सोळा छेदनबिंदू मिळतात. प्रत्येक छेदावर टिचकी मारून त्याचे अक्षांश-रेखांश भरावेत. संदर्भप्रणाली निवडताना आजच्या जीपीएसची डब्ल्यूजीएस ८४ निवडू नये, कारण जुनी पत्रके एव्हरेस्टच्या लंबगोलावर (पृथ्वीच्या आकाराच्या जुन्या गणिती मापावर) आणि कल्याणपूरच्या आधारबिंदूवर बेतलेली आहेत. क्यूजीआयएसमध्ये ईपीएसजी ४१४६ हा कल्याणपूर १९७५ चा क्रमांक घ्यावा आणि रूपांतर सॉफ्टवेअरला करू द्यावे. हे न केल्यास आपल्या भागात नकाशा शे-दीडशे मीटर सरकलेला दिसतो. छापील नकाशावर हा फरक दोन-अडीच मिलिमीटरचाच आहे, पण जंगलात पायवाट शोधताना तेवढ्याने ओढ्याचा दुसरा काठ हाती येतो.

नकाशा बसल्यावर उपग्रहचित्र खाली ठेवून तपासावा. बेळगावच्या किल्ल्याचा खंदक, जुनी देवळे, रेल्वेचे पूल आणि दोन ओढ्यांचे संगम हे चांगले साक्षीदार आहेत. रस्ते नाहीत, ते सरळ केले जातात आणि रुंद होतात. खंदक जुळला आणि डोंगरातला संगम जुळला नाही, तर लगेच बिंदू ओढून जबरदस्तीने जुळवू नये. आधी वर सांगितलेली रेखांशाची टीप, मग कापडाच्या फटी तपासाव्यात.

डोंगरात जाताना

भीमगडचा परिसर २०११ पासून अभयारण्य आहे, तेथे वनखात्याची परवानगी घेतल्याशिवाय जाऊ नये. नकाशावर वाट दिसते म्हणून ती आपल्यासाठी खुली आहे असे होत नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. पावसाळ्यात आमगाव, गवाळी या बाजूची गावे ओढ्यांमुळे तुटतात आणि त्या लोकांना आपला भार होतो. सोबत मूळ पत्रक नेऊ नये. छापील प्रत, पेन्सिल आणि होकायंत्र न्यावे. जुन्या पत्रकाच्या कडेला दिलेले चुंबकीय अंतर (होकायंत्राची उत्तर आणि खरी उत्तर यांतला कोन) त्याच्या वर्षाचे असते, म्हणून आजचे वेगळे पाहून घ्यावे; आपल्या भागात ते फार मोठे नाही.

आजोबांच्या फुलीपाशी मी परवानगी काढून, त्या बाजूच्या एका वयस्कर गवळ्याला बरोबर घेऊन गेलो. नकाशावर तेथे काळी रेषा संपते, नाव काही नाही. प्रत्यक्षात मोठ्या खडकाच्या पोटात घागरभर रुंदीची खोबण होती, फेब्रुवारीचे दिवस असूनही तिच्यात टाचभर पाणी होते आणि तिच्या कडेला जनावरांच्या खुरांनी दगड गुळगुळीत झालेला होता. मी विचारले, "आबा, ह्याला काय म्हणता तुम्ही?" ते म्हणाले, "म्हशीचं पाणी म्हणतो आमी. आमच्या बाच्या वेळंपासनं हेच नाव."

मी प्रतीवर ते नाव देवनागरीत लिहिले, त्याखाली तारीख, पाण्याची खोली आणि सांगणाऱ्याचे गाव लिहिले, आणि मूळ पत्रकावरच्या फुलीला हात लावला नाही.